पाचव्या पट्टीवरचा आवाज

२८ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली नाही. म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल. मन मोकळं व्हावं अशी माझी काही इच्छा नाही. पण सांगितलंय म्हणून लिहितो.

तेजस्विनी, माझी बायको, सप्टेंबरात गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळेपर्यंत उशीर झाला होता. मी कामावर जातो. ओझरला विमानांच्या कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतो. तिथं फार बोलावं लागत नाही. घरी आई आहे, निफाडजवळच्या आमच्या गावाहून आली आहे. तिला एका कानानं ऐकू येत नाही. दुसऱ्या कानात यंत्र आहे, ते ती बॅटरी संपेल म्हणून बंद ठेवते आणि मग मला ओरडून बोलावं लागतं.

दिवाळी केली नाही. शेजाऱ्यांनी फराळाचं ताट आणून दिलं. चकल्यांना खवट तेलाचा वास येत होता. कामवाल्या बाईंना देऊन टाकलं.

२ नोव्हेंबर, रविवार

नाटकवाले आले. गंगापूर रोडवरच्या या हौशी संस्थेत तेजस्विनी आवाजाचं काम बघायची. नाटकात दाराची कडी वाजते, रिक्षा येते, कुत्रं भुंकतं, ते सगळं तिचं. ती शाळेत संगीत शिकवायची. मुलांची गाणी बसवायला तिनं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यावरच ती नाटकाचे आवाजही चालवायची. लॅपटॉपला हातभर लांबीचा कीबोर्ड जोडलेला, एकेका पट्टीवर एकेक आवाज. पट्टी दाबली की आवाज येतो.

दिग्दर्शक रविराज. त्यानं दारातच मिठी मारली. त्याच्या अंगाला अत्तर आणि तंबाखू असा मिळून वास येतो, तो माझ्या शर्टाला लागला. मग तो रडला. रडताना मधूनच इतरांकडे बघत होता. मला किळस आली. माणसानं रडावं किंवा बघावं, दोन्ही एकदम कशाला.

"शेखरराव, तेवीस तारखेला स्पर्धेत प्रयोग आहे. ताईंनी सगळं तयार करून ठेवलंय. फक्त पट्ट्या दाबायला माणूस पाहिजे."

"तुमच्यात कुणी नाही?"

"सगळे स्टेजवर. आणि लॅपटॉप तुमच्याकडे."

मी म्हटलं, घेऊन जा लॅपटॉप. तेव्हा हर्षाली नावाची मुलगी पुढं झाली. ती तेजस्विनीची विद्यार्थिनी, आता बँकेत आहे. "नको काका. तो इथून हलवायला नको. तुम्हीच चालवा ना. मी शिकवते."

आई आतून म्हणाली, "वरीस सरलं नाय अजून, अन् घरात नाटकं?"

ऐकायचं तेवढं तिला बरोबर ऐकू येतं. मी हो म्हणालो. बहुतेक ते लवकर जावेत म्हणून.

३ नोव्हेंबर, सोमवार

लॅपटॉप उघडला. नाटकाचं नाव 'कडी नसलेली खोली'. गावाकडच्या आईचा मुलगा शहरात खोली करून राहतो, पितो, नोकरी घालवतो आणि आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगत राहतो. असं नाटक लोक तिकीट काढून का बघतात?

पहिली पट्टी कडी, दुसरी रिक्षा, तिसरी थप्पड. थप्पड म्हणजे ओट्यावर आपटलेला कणकेचा गोळा. चौथी पट्टी ओकण्याची. ती तेजस्विनीनं आमच्या मोरीत केली होती, पातळ खिचडी तांब्यातून बादलीत ओतून. तेव्हा मला शिसारी आली होती आणि मी फिरायला निघून गेलो होतो. आज नीट ऐकली. खोटी आहे. खरं ओकणं असं नसतं. खऱ्यात ओकून झाल्यावर माणूस "सॉरी" म्हणतं. ती दर वेळी म्हणायची. भांडं मी धरायचो.

पाचव्या पट्टीवर तिचा स्वतःचा आवाज आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाटकातली आई स्टेजवर येतच नाही, फक्त फोनवर बोलते. तिचा आवाज तेजस्विनीनं दिला आहे. पाचवी दाबली की "जेवलास का रे? खरं सांग." मग मुलगा स्टेजवरून म्हणतो, हो आई, जेवलो. मग सहावी दाबायची. "बरं. दार नीट लावून घे." मधे नट किती थांबेल त्याचा नेम नाही, म्हणून दोन पट्ट्या.

पाचवी नीट वाजते का ते पुन्हा पाहिलं. वाजते. आणखी दोन-तीनदा पाहिलं. काही बिघाड नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली तालीम. एका शाळेचा हॉल. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, पंख्यावर धूळ, आणि हे लोक तिथंच जमिनीवर बसून वर्तमानपत्रात वडापाव खातात. त्याच तेलकट हातांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात.

माझी फजिती झाली. थप्पड उशिरा आली. गोरक्ष, मुलाचं काम करणारा, गाल धरून पडला, उठून बसला, तेव्हा कुठं थप्पड वाजली. सगळे हसले.

"दादा, ही थप्पड मला पोस्टानं आली का?" गोरक्ष म्हणाला.

तो रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. मी हसलो नाही.

हर्षालीनं सांगितलं ते असं. हे सॉफ्टवेअर गाण्यांसाठी केलेलं. त्याला थप्पडसुद्धा गाणंच वाटतं. पट्टी दाबली तरी ते पुढच्या ठेक्याची वाट बघतं आणि समेवर थप्पड देतं. ताईंनी ते वाट बघणं बंद ठेवलं होतं, मी काल काहीतरी दाबताना चालू केलं. दुसरं असं की नाटकाच्या शेवटी मागचा ठेका हळूहळू जलद होत जातो, तसे बाकीचे आवाजही जलद व्हायला बघतात. रिक्षा चिलटासारखी गुणगुणली. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक आवाजाला एक पिवळं बटण आहे, ते बंद करायचं. मग आवाज आपल्याच चालीनं चालतो.

"एवढंच?"

"एवढंच काका. एक क्लिक."

घरी येऊन सगळी पिवळी बटणं तपासली. ताईंनी, म्हणजे तेजस्विनीनं, आपल्या आवाजाचं बंदच ठेवलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

हॉल लग्नाला दिला म्हणून आता तालीम आमच्याकडे. मला न विचारता ठरलं. रोज संध्याकाळी हे येतात. फ्रिज उघडतात. गोरक्ष घरून कुकर भरून वरण आणतो, हर्षाली भात टाकते, कोणी तरी भांडी घासून ठेवतं आणि मग मलाही ताट वाढतात. नको म्हटलं तरी वाढतात. दुसऱ्याच्या घरात इतकं मोकळं वागायचं म्हणजे कमाल आहे. वरण गोड होतं. दोन घास खाऊन उठलो. आई माझ्या ताटाकडे बघत होती, ते मला आवडत नाही.

रविराजनं विचारलं, "हॉस्पिटलातल्या त्या मशिनचं काही रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? ते टूँ टूँ? शेवटाला मागे ठेवलं असतं. खरं ते खरंच."

मी नाही म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन हात धुतले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज तालीम नव्हती. पाचवी पट्टी तपासत होतो. स्पीकर जोडलेले होते ते लक्षात आलं नाही.

"जेवलास का रे? खरं सांग."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नाय जेवला गं. दुपारचा डबाबी तसाच आणलाय माघारी."

मी लॅपटॉप मिटला. आई बाहेर आली, हाताला पीठ. खोलीभर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. आत तवा उतरवल्याचा आवाज आला. भाकरी अर्धीच भाजून ठेवली होती तिनं.

मला स्वतःची इतकी किळस आजवर आली नव्हती. हे काय खेळणं आहे? मेलेल्या माणसाच्या आवाजाला पट्टी लावून ठेवायची, आणि लोक तिकीट काढून ऐकणार. तो आवाज नाटकातून काढायचा. ठरलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रविराजला सांगितलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, उठून उभा राहिला.

"शेखरराव, असं करू नका. त्या आवाजातच नाटक आहे."

"दुसरा आवाज घ्या."

"आणि तुम्हाला खरं सांगू? परीक्षकपण माणसंच असतात. मी सुरुवातीला घोषणा करणार होतो, हा आवाज आता आपल्यात नाही म्हणून. फोटो, समई. अख्खं थिएटर रडलं असतं."

मला आतून खरंच ओकारी आली. चौथ्या पट्टीसारखी नाही. मी म्हणालो, "घोषणा झाली तर मी लॅपटॉप उचलून मधूनच निघून जाईन. ही धमकीच समजा."

गोरक्ष म्हणाला, "रवी, बस खाली. दादा म्हणतात ते बरोबर आहे." मग मला, "आवाज काढा दादा. मी त्या जागी कोंबडं आरवलं तरी 'हो आई' म्हणेन."

रविराज गॅलरीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही. त्याची पाठ हलत होती. इथं बघायला कुणी नव्हतं, तरी हलत होती. त्याला सवय असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

हर्षालीचा आवाज घेतला. बाहेरचा आवाज नको म्हणून बेडरूममधल्या कपाटात तोंड घालून बोलायचं, ही ताईंची पद्धत, असं तीच म्हणाली. कपाटात अजून साड्या आहेत. दार उघडलं तेव्हा वास आला. हर्षाली तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "काका, दोन मिनिटं." मी बाहेर गेलो.

तिचा आवाज चांगला आहे, स्वच्छ आहे. पाचव्या आणि सहाव्या पट्टीवर चढवला. तेजस्विनीचे दोन आवाज शेवटच्या पट्ट्यांवर, जिकडे हात जात नाही तिकडे सरकवले. ते पूर्ण काढून टाकायचे होते. राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आई म्हणाली, "ती दोन-चार दिस बोलली नाय."

मी म्हटलं, आई, ते रेकॉर्डिंग आहे.

"म्हाईत हाय मला. येडी नाय मी." मग थोड्या वेळानं, "पर इचारीत तर होती ना."

जेवलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आई उद्या नाटकाला येणार म्हणते. वर्षाच्या आत नाटक बघायचं नसतं, असं तूच म्हणालीस ना? तर म्हणते, "मी नाटक बघायला नाय येत. तू काय करतो ते बघायला येते."

कानाच्या यंत्रात नवी बॅटरी घालून दिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्रमानं लिहितो.

सकाळी नाट्यगृहात तांत्रिक तालीम. ग्रीनरूममध्ये आधीच्या संस्थेनं केळीची सालं आणि रंगाचे बोळे टाकून ठेवले होते. बाहेर आलो तर दर्शनी दालनात टेबल, पांढरा कपडा, समई आणि तेजस्विनीचा हार घातलेला फोटो. फोटो सहलीच्या ग्रुप फोटोतून कापलेला. कापणाऱ्यानं तिच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला होता, मनगटापर्यंत. तो हात माझा आहे.

रविराज म्हणाला, "घोषणा नाही करणार म्हणालो होतो. फोटोचं काही ठरलं नव्हतं."

मी हार काढून त्याच्या हातात दिला आणि फोटो पिशवीत टाकला. तो हार धरून उभाच राहिला, डोळे लाल. रात्रभर जागत असणार हे लोक.

तालीम सुरू झाली. शेवटी ठेका जलद झाला आणि पाचवी दाबली, तर हर्षालीचा आवाज चिरका, घाईघाईचा आला. कार्टूनमधल्या उंदरासारखा. स्टेजवरचे सगळे दचकले. विंगेतून हर्षाली म्हणाली, "काका, पिवळं बटण राहिलं. नवीन रेकॉर्डिंग ना."

मी म्हणालो, आता वेळ नाही.

वेळ नव्हता. स्टेजवर दाराच्या चौकटीला खिळे ठोकायचं काम चालू होतं, ते झालं की पडदा लावायचा होता. ऐनवेळी काही दुरुस्त करायला जावं आणि दुसरं बिघडावं, त्यापेक्षा जे तपासलेलं आहे ते वापरावं, हा तपासणीचा साधा नियम आहे. तेजस्विनीचे आवाज तपासलेले होते. ते परत पाचव्या आणि सहाव्या पट्टीवर आणले. त्यात निव्वळ तांत्रिक कारण होतं. हर्षाली माझ्याकडे बघत होती. "बरं काका," एवढंच म्हणाली.

नारळ फोडताना गोरक्षनं खोबऱ्याचा तुकडा दिला. खिशात ठेवला.

तिसरी घंटा झाली. मी विंगेत, पायाशी वायर, समोर लॅपटॉप. पडद्याच्या कडेतून पहिली रांग दिसत होती. कडेच्या खुर्चीवर आई, डोक्यावर पदर, पर्स मांडीवर घट्ट धरून. आवाज सगळे वेळेवर गेले. थप्पड वेळेवर गेली. ओकण्याला मागच्या रांगेत कुणीतरी "शी" म्हणालं.

मग शेवटचा प्रवेश. खोलीत गोरक्ष एकटा. रिकामा डबा उपडा करून बघतो. फोन वाजतो. उचलतो. मागचा ठेका जलद. मी पाचवी दाबली.

"जेवलास का रे? खरं सांग."

मोठ्या स्पीकरवर तो मी पहिल्यांदा ऐकला. इतका मोठा, की बोलायच्या आधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू आला. घरी तो ऐकू येत नाही.

गोरक्षनं तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, गावच्या शेतात हाक मारतात तसा.

"नाय जेवला गं! सकाळधरून निसता चहावर हाय!"

सगळं थिएटर हसलं. खदाखदा. परीक्षकांतला एक मान वळवून हसला. माझ्या अंगावर काटा आला. त्या लोकांची, त्या दातांची, त्या खुर्च्यांच्या कुबट वासाची मला इतकी घाण वाटली, की लॅपटॉप मिटून आईला घेऊन निघावं असं वाटलं.

गोरक्ष हलला नाही. फोन कानाला धरून तो आईकडे बघत राहिला. माझ्या आईकडे. हसणं कमी होत गेलं आणि थांबलं. मग तो हळू, अगदी हळू म्हणाला, "हो आई. जेवलो."

कुणी हसलं नाही. मागे कुणी तरी नाक ओढलं. सगळ्यांना कळलं होतं की हा खोटं बोलतोय, आणि कुणापाशी ते.

माझं बोट सहाव्या पट्टीवर होतं. दाबायला उशीर झाला. नक्की किती ते मला सांगता येणार नाही. मग दाबली.

"बरं. दार नीट लावून घे."

आईनं पहिल्या रांगेत मान हलवली.

पडद्यानंतर आत गर्दी. परीक्षक रविराजला म्हणाले, "प्रेक्षकांत पेरलेली ती म्हातारी! काय कल्पना आहे हो." रविराजनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा कमरेत वाकून श्रेय घेणार. तो म्हणाला, "पेरलेली नाही सर. त्या शेखररावांच्या आई आहेत," आणि पुढं त्याला बोलता आलं नाही. तिथंही रडला. या माणसाला स्थळकाळाचं काही भान नाही.

पण तेजस्विनीचं नाव त्यानं घेतलं नाही. ते लिहून ठेवलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. निकाल महिनाअखेरीला. गोरक्षचा फोन आला, "दादा, आजींना पुढच्या नाटकात घेऊ, पाठांतर लागत नाही त्यांना." मी फोन ठेवला. मग परत लावून विचारलं की लॅपटॉपची चार्जिंगची वायर त्यांच्या सामानात गेली आहे का. तो म्हणाला, आहे, संध्याकाळी घेऊन येतो, वरणही आणतो. गोड आणू नको, म्हणालो.

खिशातलं खोबरं शर्टासोबत धुतलं गेलं. मशीनमध्ये पांढरा चोथा झाला होता. तो बोटानं काढत बसलो.

दुपारी आईनं भाकरी आणि पिठलं केलं. ताट वाढलं आणि समोर बसली. यंत्र कानात चालू होतं, लाल ठिपका दिसत होता.

"लाव ते," ती म्हणाली.

"कशाला आता?"

"लाव म्हंते ना."

वायर नव्हती, पण बॅटरी थोडी शिल्लक होती. ताटाशेजारी लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला. पाचवी दाबली.

"जेवलास का रे? खरं सांग."

मी आईकडे बघितलं. ती या वेळी काही बोलली नाही. पदरानं ओठ पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"जेवतोय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणावं लागलं.

ताटात अर्धी भाकरी उरली होती. ती संपवली. मग सहावी दाबली.